सिस्टरच्या पाठीवरची पिल्लं

भोये सिस्टर चहा अर्धाच कप घ्यायच्या. चुकून कप भरून दिला तर वरचा अर्धा बशीत ओतून माझ्याकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "ताई, डोस ठरलेला असतो." आलं मात्र भरपूर लागायचं. आमच्या दोन घरांमध्ये तारेचं कुंपण आहे. त्याची एक तार त्यांनीच वाकवून फट केली होती, आणि साडेचार वाजले की पदर सांभाळत त्या फटीतून यायच्या. आठ वर्षांचा नेम. म्हणून म्हटलं त्यांच्याबद्दल लिहायचं तर चहापासून सुरुवात करावी. त्या चहा कोणत्या वेळी घ्यायच्या नाहीत, हेही त्यात आलंच.

मी काही शिकलेली नाही. चौथीपर्यंत शाळा, मग मळा. फुलांचे गठ्ठे बांधायला घरात रद्दी यायची, ती वाचून वाचून मला अक्षराची गोडी लागली. अर्धी बातमी मी वाचायची, उरलेली झेंडूबरोबर बाजारात जायची. तेव्हा माझ्या लिहिण्यात कुठं काही अर्धवट वाटलं तर समजून घ्या.

आम्ही मखमलाबादला राहतो. पूर्वी इथं नुसते मळे होते, आता मळ्यांच्या मधेमधे बंगले उगवलेत. शेजारच्या छोट्या घरात सिस्टर आल्या त्या सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन. मूळच्या सुरगाण्याकडच्या. सगळी नोकरीही तिकडच्याच डोंगरातल्या दवाखान्यांत झालेली. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "रजा मंजूर झाली नाही."

उंची बेताची, रंग सावळा, केस पांढरे पण वेणी घट्ट. चालायच्या अशा भरभर, की वाटावं वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हाक मारलीय. बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायची सवय होती. आमच्या ह्यांना वाटायचं, बाई फार मायाळू आहे. मायाळू कसली, नाडी मोजायच्या. एकदा कांद्याच्या भावावर बोलणं चाललं होतं, मधेच म्हणाल्या, "भाऊ, तुमचा एक ठोका चुकतोय. उद्या दाखवून या." चुकतच होता.

दुसरी सवय झटकायची. चप्पल, टॉवेल, उशी, पिशवी, सगळं आधी झटकायचं, मग वापरायचं. स्वतःचं झटकावं, ठीक आहे. ह्या बाई दुसऱ्यांचंही झटकायच्या. आमच्या पुतणीच्या लग्नात त्यांनी मांडवाबाहेरच्या सगळ्या चपला उलट्या करून आपटल्या. नवरदेवाचे बूट हातात घेतले तेवढ्यात बूट लपवायला करवल्या आल्या, आणि एका बुटावरून चांगली ओढाताण झाली. एक करवली चिडून म्हणाली, "अहो काकू, तुम्ही मुलीकडच्या की मुलाकडच्या?"

"मी विंचवाकडची," सिस्टर म्हणाल्या, आणि बूट आपटून तिच्या हातात दिला.

आम्ही हसून हसून दमलो. पण ते खरंच होतं, हे मला हिराबाईच्या वेळी कळलं. हिराबाई आमच्याकडे फुलं खुडायला यायची. एक दिवस बांधावरून किंचाळत आली, "आवं माय, इच्चू चावला!" सिस्टर कुंपणातून आल्या. पहिला प्रश्न, "काळा की लाल?"

"काळा! ह्यो एवढा!" हिराबाईनं बोटापासून कोपरापर्यंत दाखवलं.

"मग रड निवांत," सिस्टर म्हणाल्या. "काळा नुसता दिसायला पैलवान. भ्यायचं ते लाल्याला. बारीक असतो, अंग तांबूस, पुढचे चिमटे सडपातळ. लेकरांना घेऊन जातो." तरीही तिला दवाखान्यात पाठवलीच. "घाबरलात तरी चालेल, उशीर नको," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. हिराबाई परत आल्यावर दोन तास तिच्याजवळ बसून राहिल्या. मी सगळ्यांना चहा केला. सिस्टरनी कपावर हात आडवा धरला.

मला जरा लागलंच. म्हटलं, "का हो, आलं कमी पडलं का?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील विंचू उतरवायचे. म्हणजे मंत्र घालून विष उतरवायचं, आपल्याकडे गावोगावी असायचेच असे लोक. त्याचे नियम कडक. बोलावणं आलं की ताटावरून उठायचं. विंचू मारायचा नाही. आणि ज्या घरी उतरवायला जायचं तिथलं काही घ्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. घेतलं तर हाताचा गुण जातो.

"मंत्र मी शिकले नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण सुई टोचणारीनं नियम पाळला तर बिघडलं काय? नोकरीत विंचवाच्या पेशंटकडचा चहा मी कधी घेतला नाही. तुमचं घर आज हिराबाईचं घर आहे. उद्या घेईन." दुसऱ्या दिवशी साडेचारला हजर.

आता विंचवाच्या पिल्लांकडे येते.

मागल्या श्रावणात आम्ही जुन्या मातीच्या कुंड्यांची चळत हलवत होतो. शेवटची कुंडी उचलली आणि माझी सून वैशाली ओरडली. खाली लाल विंचू. पाठीवर काहीतरी पांढरं पांढरं, साबुदाणा चिकटल्यासारखं. नीट पाहिलं तर पिल्लं, एकावर एक बसलेली. वैशालीनं चप्पल काढली. तिची सई तेव्हा दीड वर्षाची, नुकती दुडूदुडू चालायला लागलेली. आईच्या हातात चप्पल येणारच.

"थांब!" कुंपणापलीकडून सिस्टरचा आवाज आला. आल्या, सईला भरवायची माझ्या हातातली वाटी काढून घेऊन विंचवावर पालथी घातली, भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागल्या महिन्याचं पान फाडून वाटीखाली सरकवलं आणि सगळं उचलून घरी घेऊन गेल्या. पाच मिनिटांनी वाटी धुऊन परत. ती वाटी मी नंतर कुणाला दिली नाही, स्वतःही वापरली नाही.

आम्हाला वाटलं, लांब कुठं सोडून देतील. त्यांनी मिठाईच्या डब्यात वाळू घातली, खापराचा एक तुकडा ठेवला, पाण्यासाठी कापसाचा ओला बोळा ठेवला आणि बाळंतिणीची खोलीच थाटली म्हणा ना! डबा उंच फळीवर, वर जाळीचं झाकण, त्यावर वरवंटा. पिल्लं मोजली, सतरा भरली.

मी चौथ्या दिवशी बघायला गेले. सतरा लेकरं अंगावर घेऊन ती बया खापराखाली गप्प बसलेली. मी म्हटलं, "काय बाई हिचा संसार! पण काही उपयोग नाही. हीच पिल्लं हिला खाऊन टाकणार." आमच्यात लहानपणापासून हेच सांगतात. विंचवीण व्याली की तिची पिल्लं पाठीवर बसून तिला खातात आणि मगच खाली उतरतात.

"तेच बघायचंय मला," सिस्टर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझ्या पाठीवर एकच होता."

पाठीवर म्हणजे पाठचा भाऊ, हे मला कळलं. पण त्यांनी ते दोन्ही अर्थांनी म्हटलं होतं. आईवडील आवणीला, भाताची रोपं लावायला गेले की नऊ वर्षांची सिस्टर त्याला झोळीत बांधून पाठीवर घेऊन हिंडायची. देवजी नाव. दोन वर्षांचा. एक दिवस बांधावर उरलीसुरली करवंदं दिसली. जाळीत शिरायचं म्हणून तिनं त्याला पाठीवरून खाली ठेवलं, एका दगडावर. दगडाखाली लाल विंचू.

"बाबानं दुपारपासून दिवे लागेपर्यंत मंत्र घातला," सिस्टर म्हणाल्या. वॉर्डातली हकिगत सांगावी तसं सांगत होत्या. "मग थांबला. काका दगड उलटायला गेला, तर ती खाली होती. पाठीवर अशीच पांढरी पोरं. काकानं तिला ठेचायला दगड उचलला. बाबानं त्याचा हात धरला. म्हणाला, तिला तिचीच पोरं खाणार हायत, तू कशाला हात घाण करतो? पळसाच्या पानावर घेऊन तिला टेकडीवर ठेवून आला. गाव म्हणालं, भोये वेडा झाला. आई त्याच्याशी वर्षभर बोलली नाही."

"आणि तुम्ही?"

"मी धरून बसले की ती मेली असणार. पोरांनी खाल्लीच असणार. साठ वर्षं तेच धरून आहे, ताई."

वैशाली मागे उभी होती. तिनं हळूच मोबाईल काढला. "सिस्टर, दोन मिनिटांत बघून सांगते, खातात की नाही ते."

"नको गं. मोबाईलवरच्या विंचवानं माझ्या भावाला मारलं नाही."

"पण तुमच्या नर्सिंगच्या पुस्तकात असेल ना?"

"पुस्तकात विष होतं. आई नव्हती."

त्यानंतर वडिलांनी कुणाचा विंचू उतरवला नाही, असंही त्या दिवशी कळलं. लोक बोलवायला आले की जायचे, पण पेशंटला पाठीवर घ्यायचे आणि चार कोसांवरच्या दवाखान्यापर्यंत चालत न्यायचे. लहानगी सिस्टर पाण्याचा तांब्या घेऊन मागे. दवाखाना तिनं पहिल्यांदा पाहिला तो असा.

तर त्या आठवड्यात आमच्या दोन्ही घरांत एकच विषय. आमचे हेसुद्धा सकाळी फुलं बाजारात पोचवून आले की विचारायचे, "खाल्लं का?" पिल्लं हळूहळू मळकी झाली. अंगावरची पहिली कात त्यांनी आईच्या पाठीवरच टाकली. नवव्या दिवशी एकेक करून खाली उतरायला लागली. आई हलत नव्हती. पोट खपाटीला गेलेलं. मी म्हटलं, "गेली वाटतं." सिस्टरनी लांब चिमट्याचं टोक तिला लावलं.

नांगी उभी राहिली.

सिस्टरनी एक झुरळ सोडलं. तिनं ते पकडलं आणि सावकाश खाल्लं. सतरा लेकरं आजूबाजूला. कुणी कुणाच्या वाटेला गेलं नाही.

सिस्टरनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि परत पाहिलं. "खाल्लं नाही," एवढंच म्हणाल्या.

तीन दिवस त्या चहाला आल्या नाहीत. आठ वर्षांत पहिल्यांदा. चौथ्या दिवशी आल्या, अर्धा कप घेतला आणि कपाकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे ती जगली. बाबानं तिला सोडूनच दिलं होतं. त्याला हे माहीत होतं की नव्हतं, आता कुणाला विचारू?"

मी म्हटलं, "मग आता ह्यांचं काय करणार?"

"मारायचा तर नियम नाही. सोडायचं कुठं? तुमच्या बांधावर?"

म्हणून मग पाळणं आलं. पिल्लं आईला खात नाहीत, पण वाढायला लागली की एकमेकांना खातात. "घरोघरी तेच," सिस्टर म्हणाल्या. रुंद तोंडाच्या सतरा बाटल्या जमवल्या, झाकणांना गरम सुईनं बारीक भोकं पाडली, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नंबर घातला. एक वही केली. आहार, पाणी, कात. आमच्या कुंपणाच्या कुजक्या खांबांना वाळवी लागलेली, ती त्यांचं जेवण. मी तारेपलीकडून विचारायची, "काय म्हणतो वॉर्ड?" तिकडून उत्तर यायचं, "बेड नंबर नऊ जेवला नाही. चार नंबर अंगावर धावून येतो." सिस्टरना पिल्लांचं कौतुक होतं असं मी म्हणणार नाही. एकाचंही नाव ठेवलं नाही, हात लावला नाही. पण रोज सकाळी सतरा बाटल्या उजेडात धरून मोजायच्या.

कार्तिकात एका सकाळी, अकराच्या सुमारास, सिस्टर फटीतून आल्या त्या जवळजवळ पळतच. "ताई, सईला उचला. खाली ठेवू नका."

"काय झालं?"

"अकरा नंबर दिसत नाही."

त्यांनी लपवलं नाही, सारवासारव केली नाही. माझा मुलगा खोट्या नोटा ओळखायचा निळा दिवा वापरतो, तो सिस्टरनी मागितला. त्या उजेडात विंचू हिरवा चमकतो म्हणे. खिडक्यांवर गोधड्या टाकून दोन्ही घरं शोधली. काही चमकलं नाही. तेवढ्यात सई भोकाड पसरून रडायला लागली. वैशालीनं तिला कडेवर घेण्याआधी ती ओट्यावर होती. पायाचा अंगठा लाल.

वैशाली पांढरीफटक पडली. सिस्टरकडे बघून म्हणाली, "सिस्टर, माझ्या पोरीला जर..." पुढचं तिनं गिळलं.

"गाडी काढा," सिस्टर म्हणाल्या. "पिल्लू असलं तरी नांगी आहे."

फुलांच्या टेम्पोतूनच गेलो. दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. म्हणाले, डंख दिसत नाही, पण काही तास नजरेखाली ठेवू. सिस्टर सईच्या पायाशी स्टूल ओढून बसल्या. एक हात तळपायावर, दुसरा मनगटावर. पाय गार पडतात का, घाम सुटतो का, उलटी होते का. हेच बघत होत्या. मी थर्मासमधून चहा ओतून पुढे केला.

त्यांनी कपावर हात आडवा धरला.

खरं सांगते, तोवर मी धीर धरून होते. पण तो हात पाहिला आणि धीर सुटला. मी भिंतीला टेकून खालीच बसले. वैशालीला त्या हाताचा अर्थ माहीत नव्हता, ते बरं होतं.

पाच वाजले. सईला घाम नाही, उलटी नाही. उलट बिस्किट मागायला लागली. डॉक्टरांनी भिंग लावून अंगठा परत पाहिला आणि बारीक चिमट्यानं काहीतरी ओढलं. गुलाबाचा काटा. फुलवाल्यांचं घर आमचं, आणि आम्हाला काटा सुचला नाही!

सिस्टरनी सईचा पाय खाली ठेवला. स्वतःचे दोन्ही हात मांडीवर घेतले. "ताई," त्या म्हणाल्या, "थर्मासमध्ये राहिला असेल तर दे जरा." पहिल्यांदाच मला अगंतुगं केलं. कप भरून दिला. सगळा प्यायल्या.

घरी येऊन त्यांनी अकरा नंबरची बाटली ताटात उपडी केली. कापसाचा बोळा चिमट्यानं उकलला. आत, कापसाच्या घडीत, अकरा नंबर बसला होता. फिकट, मऊ, आणि शेजारी त्याची कात. कात टाकायला आडोसा शोधला होता बिचाऱ्यानं. बाटलीबाहेर गेलाच नव्हता.

वैशाली दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेली. "सिस्टर, मी काल बोलले त्याचं..."

"बोललीस कुठं? अर्धंच बोललीस. पण अर्धं होतं तेही बरोबर होतं." मग म्हणाल्या, "पोरं पाळायची तर दुसऱ्याच्या पोराच्या शेजारी नाही."

चार दिवसांनी त्यांनी निघायचं ठरवलं. वडिलांनी विंचवीण सोडली ती टेकडी अजून तशीच आहे, वस्ती नाही, गुरंही तिकडे जात नाहीत, हे त्यांनी चुलत भाचीला फोन करून तीनदा विचारून घेतलं. बाटल्या बांधायला मी गेले. फुलांचे गठ्ठे बांधायचा हात माझा. प्रत्येक बाटली रद्दीत गुंडाळली, आईचा डबा मधोमध, सगळं एका सॅकमध्ये. सॅक त्यांनी पाठीवर घेतली. आमचे हे ओट्यावरून म्हणाले, "काय सिस्टर, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर?"

"आज खरंखुरं," त्या म्हणाल्या. निघताना चप्पल झटकली. माझीही झटकली.

मी पेठ नाक्यापर्यंत सोडायला गेले. सुरगाण्याची जीप भरायची होती. टपरीवर मी दोन चहा सांगितले, एक अर्धा. पोऱ्या घेऊन आला तर सिस्टरनी हात आडवा धरला.

"अहो, इथं कोण पेशंट आहे?" मी म्हटलं.

"त्याच घरी निघालेय ना, ताई," त्या म्हणाल्या. "उतरवून झाल्यावर घेईन."

त्या अजून तिकडेच आहेत. भाचीकडे राहतात, जवळच्या पाड्यांवर चपला झटकायला शिकवतात, असं फोनवर सांगतात. येईन म्हणतात. ती तारेतली फट मी बुजवू दिलेली नाही.

तर त्या दिवशी जीप भरली. ड्रायव्हरनं टपावर चढून हात खाली केला. "मावशी, द्या ती बॅग. वर टाकतो."

"नको," सिस्टर म्हणाल्या. "पाठीवरून खाली ठेवायची नाही."

आणि तशाच चढल्या. सीटला टेकल्या नाहीत. पाठ आणि सीट यांच्यामध्ये सॅकपुरती जागा सोडून, पुढे वाकून, समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसल्या. जीप निघाली. वळणावर सगळे एकमेकांवर कलंडले, त्या कलंडल्या नाहीत. त्यांचा अर्धा कप मी हातात धरून उभी होते. तो तसाच टपरीच्या फळीवर ठेवला आणि घरी आले.